पेटी: अज्ञात

शकू, तुझी तबकडी आली. तुझ्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, कुरियरवाल्यानं फाटकातून हाक मारली आणि मी सही करून ते चौकोनी पुडकं हातात घेतलं. पाटाएवढं रुंद आणि पोथीपेक्षा पातळ. आत गाण्यांची काळी तबकडी आणि वेष्टनावर तुझा फोटो, किनवटच्या शाळेच्या ओट्यावरचा, उन्हामुळं डोळे बारीक केलेला. तो फोटो मी काढला होता. तसं कुठं छापलेलं नाही, पण ते एक वेळ जाऊ दे.

पाठीमागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरांत मजकूर होता. भिंग शोधलं आणि वाचत बसले. गायिका म्हणून तुझं नाव, आडनावासकट, बरोबर. त्याखाली: शब्द आणि चाल, पारंपरिक. त्याखाली: पेटी, अज्ञात.

मी पुन्हा वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. आमचे हे पलीकडं पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "बरं मग अज्ञात बाई, चहाचं बघताय का?"

चहा झाला नाही त्या दुपारी. मी इतकी संतापले की हातातलं भिंग फेकलं. फरशीवर न फेकता पलंगावर फेकलं एवढंच डोकं ठिकाणावर होतं. तू मेलीस, शकू, आणि तुझ्याशी भांडायची सोय गेली. म्हणून हे लिहिते आहे. लोक श्रद्धांजली लिहितात, मी भांडण लिहिते. तुला चालेल. माझं गोड बोलणं तुला कधी खरं वाटलंच नाही.

आधी बाकीच्यांवरचा राग काढून घेऊ दे. ती पुण्याची कंपनी जुन्या कॅसेटी शोधते, साफसूफ करते आणि त्यांच्या तबकड्या काढते. परदेशातले लोकसुद्धा घेतात म्हणे. पेपरात तुझ्यावर अर्धं पान आलं, विस्मृतीत गेलेला मराठवाड्याचा आवाज सापडला म्हणून. सापडला म्हणे. तू हरवली होतीस का? उदगीरला, आडत बाजाराच्या मागच्या बोळात, भाच्याच्या घरी, पुढच्या खोलीत बसलेली असायचीस. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या पोरांचं गणित घ्यायचीस. पोस्टमनला माहीत होतं, दूधवाल्याला माहीत होतं. शोध कसला लावला यांनी? दार वाजवलं आणि तू उघडलंस.

आणि आता नांदेडातले, लातुरातले लोक डोळे पुसायला लागलेत. कुणी म्हणतं, तिच्या आवाजाला मातीचा वास होता. कुणी म्हणतं, आम्ही तिची कॅसेट ऐकत मोठे झालो. मोठे झालात तर एकदा विचारायचं होतंत की बाई, हल्ली गात का नाही. एकानंही विचारलं नाही. मीही नाही, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणते.

तुझ्या भाच्याचं तर नाव काढू नको. दुपारी दोनला त्याचा फोन. "मावशी, आत्या सकाळीच गेली. उरकलंय सगळं." उरकलंय, जसं काही गिरणीतून दळण आणायचं होतं. सकाळी कळवलं असतं तर मी मिळेल त्या गाडीनं निघाले असते. मी तसं म्हटलं, तर म्हणे, "तुम्हाला तरास कशाला द्यायचा म्हटलं." मला त्रास होऊ नये म्हणून माणसांनी आयुष्यभर काय काय केलं, त्याचीच ही गोष्ट आहे.

पारंपरिक म्हणजे काय गं? म्हणजे कुणाचंच नाही. आणि मी तर तिथं होते. ते गाणं जन्मलं तेव्हा पाच फुटांवर बसून तांदळातले खडे वेचत होते.

किनवटला मुलींच्या निवासी शाळेत आपण एकाच जूनमध्ये लागलो. तू देवणीकडची, शेतकऱ्याच्या घरची, बोलणं दणदणीत. मी नांदेडच्या मास्तरांची मुलगी, बोलायच्या आधी इकडंतिकडं बघणारी. रेल्वेच्या रुळापलीकडं पत्र्याची एक खोली दोघींत. माझ्याकडं वडिलांनी दिलेली पेटी, तुझ्याकडं एक वही, जिच्यात गाणी कमी आणि पोरींच्या तक्रारी जास्त. दर रविवारी पोरींची डोकी विंचरायची, उवा काढायच्या, आणि फणी चालू असताना तू त्यांना बोलतं करायचीस. एकदा एक नऊ वर्षांची पोर आली, गाडीतून एकटीच उतरलेली. आईनं बांधून दिलेली भाकरी तिनं दोन दिवस तशीच ठेवली होती. का खाल्ली नाहीस, विचारलं तर म्हणाली, "खाल्ली की संपंल." तू उठून पाणी प्यायलीस, परत येऊन तिच्या केसांत फणी घातलीस आणि घालता घालता म्हणालीस:

गाडी आली गं किनवटाला
उतरली पोर एकली,
टरंकेमधी दोन परकर
भाकर बांधून ठेवली.

मी तांदळाचं ताट बाजूला सारलं आणि पेटी ओढली. "खाली घे," तू म्हणालीस, "लेकरू हाय ते. एवढं वर कशाला नेतीस?" मी सूर खाली घेतला. चाली अशाच व्हायच्या. तू ओळ टाकायचीस, मी वाजवायचे, तू नाक मुरडायचीस, मी पुन्हा वाजवायचे. चार वर्षांत सहा गाणी झाली. एक पातळ वरणाचं होतं, 'वरणात तोंड दिसतंय गं, डाळ माहेरी गेली.' ते म्हटलं की स्वयंपाकीणबाई आधी चिडायची आणि मग पोरींपेक्षा जास्त हसायची.

आणि प्रत्येक गाण्याचं शेवटचं कडवं नावाचं. रचणाऱ्यानं शेवटी आपलं नाव गुंफायचं, ही रीत तू घरून घेऊन आलीस. तुझे वडील भजनी मंडळात पदं जोडायचे. "दादा म्हनायचे," तू सांगायचीस, "ज्या गान्यात नाव न्हाई ते मोकाट जनावर. कुनीबी धरावं अन् कोंडवाड्यात घालावं." देवणीच्या, बैलांच्या गावच्या माणसाला जनावराशिवाय दुसरं काही सुचत नाही, असं मी चिडवायचे. पण नाव घालताना तू एकटीचं कधीच घातलं नाहीस.

देवणीची शकू म्हणे
वच्छी धरिते सूर,
दोघींचं गानं एक बाई
गाव दोघींचं दूर.

मी म्हटलं, यात माझं कशाला? "पेटी कुनाची हाय?" तू विचारलंस. मी म्हटलं, माझी. "मंग," तू म्हणालीस, आणि तांदूळ निवडायला लागलीस.

माझं लग्न ठरलं तेव्हा किनवटहून निघताना ती पेटी तू डोक्यावर घेऊन स्टेशनपर्यंत आलीस. हमाल करू म्हटलं तर ऐकलं नाहीस. डब्यात ठेवलीस आणि म्हणालीस, "बंद ठिवू नको हिला." एवढंच. रडली नाहीस, मीच रडत होते. तुझं माझ्यावर केवढं ऋण आहे हे मला त्या फलाटावरही कळत होतं, आणि पुढं मी जे केलं तेही कळूनच केलं.

सासर नांदेडातच, सासरे मुख्याध्यापक, घर कडक. मला बघायला आले तेव्हाच त्यांनी विचारलं होतं, "पेटी वाजवता? उत्तम. देवापुढं वाजवत जा." बास. यापुढं ते कधी काही म्हणाले नाहीत आणि मी कधी काही विचारलं नाही. देवापुढं म्हणजे फक्त देवापुढं, असा अर्थ मी माझा मीच लावला आणि त्याला घाबरून राहिले.

लग्नाला सहा महिने झाले असतील. तू किनवटच्या सकाळच्या गाडीनं नांदेडला आलीस. वजिराबादेत एका कॅसेटच्या दुकानावर माडी होती, तिथं हमीदभाई म्हणून एक जण रेकॉर्डिंग करायचे. खिडक्यांना गाद्या बांधलेल्या, आवाज येतो म्हणून पंखा बंद. मी घरी सांगून आले होते की मैत्रिणीबरोबर कापड बघायला जाते. जिन्यात मी तुला म्हणाले, "शकू, कॅसेटची एक बाजू तीस मिनिटांची असते. तीन तीन गाणी बसवायची तर शेवटची कडवी काढावी लागतील."

तू थांबलीस. माझ्याकडं बघितलंस. "बसंनात व्हय?"

"नाही बसत."

"मंग काढू," तू म्हणालीस आणि वर चढायला लागलीस.

ते खोटं होतं. सगळी कडवी बसत होती, वर जागा उरत होती. मी घरी घड्याळ समोर ठेवून मोजलं होतं. मला फक्त 'वच्छी' हे नाव हॉटेलात, पानाच्या ठेल्यावर, बसस्टँडवर वाजायला नको होतं. माहेरी मला वच्छी म्हणतात हे सासरी सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी सहा गाण्यांची सहा कडवी कापली, तुझ्या नावासकट. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

कॅसेट चालली. जत्रेत वाजली, लग्नाच्या मांडवात वाजली. वेष्टनावर तुझं नाव होतं, पण वेष्टन जपून कोण ठेवतं? एका कॅसेटीवरून दुसरी भरली, दुसरीवरून तिसरी, आणि चार-पाच वर्षांत गाणं तेवढं राहिलं, नाव गळून गेलं. तुझे दादा म्हणायचे तेच झालं.

मग ते लातूर. शिक्षकांचं प्रशिक्षण होतं आणि आपण दोघी एकाच तुकडीत आलो होतो. संध्याकाळी लोकगीतांचा कार्यक्रम ठेवला होता. रेशमी झब्ब्यातले एक गायक आले, डोळे मिटून म्हणाले, आता सासरी निघालेल्या लेकीचं एक जुनं पारंपरिक गीत. आणि सुरू केलं, गाडी आली गं सासराला.

शिकायला आलेली नऊ वर्षांची पोर होती ती, शकू. तिला त्यांनी नवरी केलं. तिच्या न खाल्लेल्या भाकरीची शिदोरी केली. आणि लोक माना डोलवत होते.

तू उभी राहिलीस. भरल्या सभागृहात, मधल्या रांगेत. "ओ दादा, ते गानं माझं हाय."

गायक गोड हसले. "ताई, लोकगीत सगळ्यांचंच असतं." लोकही हसले. तेवढ्यात आयोजकांपैकी एक वयस्क गृहस्थ उठले. त्यांना रीत माहीत असावी. म्हणाले, "तुमचं असेल तर शेवटी तुमचं नाव असेल. आहे का नाव?"

"हाय."

"मग म्हणा की."

तू खाली माझ्याकडं बघितलंस. माझ्या शेजारी माझ्याच नांदेडच्या शाळेच्या दोन शिक्षिका होत्या, पुढच्या रांगेत सासऱ्यांचे मित्र बसलेले. मी तुझा पदर ओढला. "बस खाली, शकू." आणि तू बसलीस. एवढी दणदणीत बाई, चार ओळी न म्हणता खाली बसलीस. गायकांनी पुढचं कडवं घेतलं.

मला वाटलं, ऐन वेळी तू घाबरलीस. खरंच सांगते, तीस वर्षं मी तेच समजत होते. बाहेर चहाच्या गाड्यापाशी तू कप हातात धरून उभी होतीस, प्यायली नाहीस. एकच वाक्य बोललीस. "वच्छे, तू तरी उभी राहायचीस."

मी उलट म्हणाले, "तू का बसलीस मग? कडवं म्हणून दाखवायचं होतंस." तू कप तसाच गाड्यावर ठेवलास. आपलं भांडण तिथं अर्धवट राहिलं ते राहिलंच. त्यानंतर तू कुठंही गायली नाहीस. दिवाळीला फोन व्हायचा, तुझा गुडघा, माझी साखर. गाण्याचा विषय निघाला की तू म्हणायचीस, "सोड की, लई झालं त्येला." आणि मी सोडायचे. मला ते सोयीचं होतं.

तर तबकडी आली त्या दुपारी मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. अनिकेत त्याचं नाव. आत्याच्या मैत्रिणीला एक पाठवा, असं तुझ्या भाच्यानं त्याला सांगितलं होतं, म्हणून पुडकं माझ्याकडं आलं. मी त्याला बोलू दिलं नाही. म्हटलं, ज्या बाईनं ही गाणी रचली ती परवापरवापर्यंत जिवंत होती. पारंपरिक छापायच्या आधी तिला विचारायला काय झालं होतं?

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ताईंनीच तसं लिहायला सांगितलं. मी दोनदा विचारलं होतं."

"आणि पेटी अज्ञात?"

"तेही विचारलं. त्या म्हणाल्या, तिचं नाव नको, तिच्या घरी चालत नाही."

माझे सासरे जाऊन वीस वर्षं झाली, शकू. माझी सून जीन्स घालून स्कूटरवर बँकेत जाते. आणि तू उदगीरला पुढच्या खोलीत बसून अजून माझ्या घरची राखण करत होतीस. कुणी सांगितलं होतं तुला? एक फोन करायचास. वच्छे, आता टाकू का नाव, एवढंच विचारायचं होतंस. मी काय म्हटलं असतं मला ठाऊक नाही. कदाचित तेव्हाही नको म्हटलं असतं, तेवढी भेकड मी आहे. पण तू मला विचारलंच नाहीस, आणि आता मी काय म्हटलं असतं हे मला कधीच कळणार नाही.

घरात तबकडी वाजवायचं यंत्र नाही. आमच्या गल्लीतच काय, अख्ख्या भागात कुणाकडं असेल असं वाटत नाही. सुनेनं तीच गाणी मोबाइलवर शोधून छोट्या स्पीकरवर लावून दिली आणि ती कामाला लागली. आम्ही दोघं ऐकत बसलो. तुझा आवाज आला. पंखा बंद होता त्या दिवशीचा घाम आठवला. माझी पेटी दोन ठिकाणी चुकली आहे. तेव्हा तू ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतंस. सहावं गाणं संपलं. मी उठायला लागले, तर टेप चालूच. कंपनीनं मूळ टेप मिळवली होती आणि शेवटचं बोलणं काढलं नव्हतं. जुन्या काळची गंमत म्हणून ठेवलं असेल. आधी खुर्ची सरकल्याचा आवाज. मग हमीदभाई.

"बाई, टेप बाकी है अभी. वो आखरी के कडवे ले लेते ना, सब बैठ जाते."

मग तू. "नको."

"क्यूं?"

"वच्छीला नको हाय. तिच्या घरचं हाय."

"तो आपका अकेला नाम डालो ना."

थोडा वेळ नुसती खरखर. मग तू म्हणालीस, "एकलीचं कसं टाकू, भाई? पेटी तिची हाय." आणि लगेच आवाज खाली घेऊन, "ती वर यायलीय. बंद करा ते." मग खट.

मी तेव्हा खाली गेले होते. ह्यांची स्कूटर दुकानासमोरून जात नाही ना, ते बघायला.

म्हणजे तुला माहीत होतं. त्या जिन्यातच तू मला ओळखलं होतंस. लातूरला तू घाबरून बसली नव्हतीस. त्या चार ओळी म्हटल्या असत्यास तर त्यात माझं नाव आलं असतं, माझ्या शाळेच्या बायकांसमोर, सासऱ्यांच्या मित्रांसमोर. म्हणून तू माझ्याकडं बघितलंस. विचारत होतीस मला, आणि मी पदर ओढून उत्तर दिलं. तुझं गाणं तुझ्या डोळ्यांदेखत कोंडवाड्यात गेलं आणि दोर माझ्या हातात होता.

लोक याला तुझा मोठेपणा म्हणतील. मी म्हणणार नाही. मला हा मोठेपणा नको होता. तू मला शिव्या द्यायच्या होत्यास, देवणीच्या बैलबाजारात ऐकलेल्या सगळ्या. त्या चहाच्या गाड्यापाशी सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस की वच्छे, तू खोटारडी आहेस. मी रडले असते, वर्षभर तुझ्याशी बोलले नसते, आणि मग कदाचित लाजेनं का होईना उठले असते. तू समजून घेतलंस आणि मी होते तशीच राहिले. समजून घेणाऱ्या माणसांनी माझं वाटोळं केलं. तुझं तर त्याहून जास्त झालं, आणि ते मी केलं.

ह्यांनी स्पीकर बंद केला. मग म्हणाले, "ते कडवं काय होतं?"

मी बसल्या जागी पुटपुटत म्हणून दाखवलं. ऐकून म्हणाले, "चांगलं आहे की." मग चष्मा काढून पुसत राहिले. "मला कधी विचारलं नाहीस तू."

"तुमच्या वडिलांना काय वाटलं असतं?"

"वडिलांचं राहू दे. मला विचारायचं होतंस."

नाही विचारलं. मी म्हटलं, "विचारलं असतं तर हो म्हणाला असतात?" त्यांनी विचार केला. म्हणाले, "त्या वेळचं आज काय सांगू? आता हो म्हणणं सोपं आहे." खरं बोलले. मला त्यांचाही राग आला आणि त्यांनी खोटं सांगितलं नाही म्हणून थोडं बरंही वाटलं. मग ते उठून स्वयंपाकघरात गेले आणि बऱ्याच वर्षांनी आमच्या घरात चहा त्यांनी टाकला.

काल, रविवारी, नांदेडात तबकडीचा कार्यक्रम झाला, एका कॉलेजच्या सभागृहात. अनिकेत आला होता. मऊ बोलणारा माणूस आहे, त्याच्यावर रागावत राहणं अवघड जातं. त्यानं मला पेटी वाजवायला सांगितलं होतं, मी बरं म्हटलं होतं. कपाटावरची पेटी काढून, पुसून नेली. तू बंद ठेवू नको म्हणाली होतीस ती. भाते फुटलेत, दोन पट्ट्या दाबल्या की वर येत नाहीत. व्यासपीठावर गादी घातली होती, तिच्यावर ठेवली. आधी भाषणं झाली. तुझ्या आवाजाबद्दल सगळे चांगलं बोलले. पारंपरिक ठेवा हा शब्द तीन जणांनी वापरला.

मग माझं नाव पुकारलं. मी पेटीपुढं बसले नाही. माइक बसणाऱ्याच्या उंचीवर लावला होता, तो वर ओढला. कर्रर्र आवाज झाला, लोकांनी वर बघितलं. मी सांगितलं, ही गाणी पारंपरिक नाहीत. देवणीच्या शकुंतलानं किनवटला रचली, पोरींच्या उवा काढताना, माझ्यासमोर. शेवटची नावाची कडवी मी खोटं बोलून कापली. का कापली तेही सांगितलं, सासऱ्यांचं मत आणि ह्यांची स्कूटर यांच्यासकट. पुढच्या रांगेत हे बसले होते, दोन्ही हात मांडीवर ठेवून, सरळ माझ्याकडं बघत.

मग कडवी म्हटली. माझा आवाज कसा आहे तुला माहीत आहे. सहापैकी पाच म्हटली. वरणाच्या गाण्याचं शेवटचं कडवं मला येत नाही, शकू. आठवडाभर डोकं फोडून घेतलं, पण 'शकू म्हणे' च्या पुढं काही येतच नाही. तुझी वही मागितली तर भाचा म्हणाला, "रद्दीत गेली आसंल, मावशी." तुला येत होतं ते. मागच्या दिवाळीला विचारलं असतं तर तू फोनवरच म्हणून टाकलं असतंस, आणि मी गुडघ्याला कुठलं तेल लावतेस ते विचारत बसले. लोकांना मी तसंच सांगितलं, की एक गेलं, आणि ते माझ्यामुळं गेलं.

गाडीचं शेवटी ठेवलं होतं. 'वच्छी धरिते सूर' या ओळीला माझाच सूर सुटला. अनिकेत मदतीला पेटीकडं सरकला, मी हातानं नको म्हटलं. तसंच बेसूर पुढं नेलं आणि संपवलं. खाली उतरल्यावर तो म्हणाला, पुढच्या छपाईत दोघींची नावं घालू. मी त्याला कागदावर लिहून दिली आहेत, वर तुझं आणि खाली माझं.

माझा राग गेला असं समजू नको. तुझ्यावरचा तर मुळीच नाही. पण लातूरला चहाच्या गाड्यापाशी तू एक वाक्य बोलली होतीस आणि मी त्याला तेव्हा उलट उत्तर दिलं होतं. ते उत्तर मी परत घेते. काल मी उभी राहिले, शकू. तू समोर बसलेली असायला हवी होतीस.